राख उडू न देता चाळायची कशी: दोन पिप्यांची बंद चाळणी, बांधणीपासून वापरापर्यंत

राखेची धूळ चाळताना उडते असं बहुतेकांना वाटतं. म्हणून कोणी चाळणीवर ओलं फडकं टाकतं, कोणी खोक्यात चाळणी धरून हलवतं, आणि तरी शेवटी भुवया पांढऱ्या होतातच. चाळणं बंद डब्यात चालू असेल तर त्या वेळी फारसं काही उडत नाही. धूळ उडते ती तीन वेळा: राख ओतताना, झाकण उघडताना, आणि चाळलेली राख बाहेर काढताना. खाली दिलेली चाळणी आणि वापराचा क्रम या तीन वेळा डोळ्यांसमोर ठेवून आखला आहे. बांधणीत थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं. क्रम चुकला तर चालत नाही.

डब्याच्या बाबतीतही एक गैरसमज हमखास आढळतो. सगळ्या फटी बुजवल्या की धूळ बाहेर येणार नाही, असं समजून डबा सिलिकॉनने ठाकठीक बंद केला जातो. पण दीड लिटर राख आत पडली की दीड लिटर हवा बाहेर पडणारच. तिला मोकळी वाट नसेल तर ती प्रत्येक शिवणीतून, रिव्हेटच्या भोकातून वाट काढते आणि सर्वांत बारीक राख सोबत नेते. म्हणून डब्याला श्वास घ्यायला एकच जागा ठेवायची, आणि त्या जागेवर कापड हवं.

## आधी ठरवा: तुमची राख चाळण्यासारखी आहे का?

राख चाळायची ती न जळालेला कोळसा परत मिळवायला आणि भांड्यांसाठी बारीक राख काढायला. सगळी राख सारखी नसते आणि सगळी चाळायचीही नसते.

बाभूळ, सागवान, आंबा, पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या) यांची चुलीतली किंवा बंबातली राख चाळायला उत्तम. जाड लाकडाच्या राखेत अर्धवट जळालेला कोळसा बराच निघतो. पऱ्हाट्या-तुराट्यांत तो कमी असतो, पण राख बारीक आणि स्वच्छ मिळते.

गोवऱ्यांची राख, म्हणजे रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) बेत झाला की उरते ती, फुसफुशीत असते आणि तिच्यात माती-वाळू बरीच असते. कोळशासाठी ती चाळणं म्हणजे वेळ घालवणं. भांड्यांसाठी बारीक चाळून वापरता येते, पण वाळूने चकचकीत स्टीलवर ओरखडे उठतात.

दगडी कोळशाची राख चाळायची ती फक्त न जळालेले तुकडे परत मिळवण्यासाठी. आपल्याकडच्या दगडी कोळशात मुळातच राखेचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे चाळणीवर उरलेल्यात कोळसा कमी आणि वितळून दगडासारखे झालेले गोळे जास्त सापडतात. वजनाने हलका आणि काळा तुकडा ठेवायचा, जड आणि करडा फेकायचा. ही राख भांड्यांना लावायची नाही, भाजीच्या वाफ्यातही टाकायची नाही. तिच्यात जड धातूंचे अंश असतात.

होळीची राख या कामात आणूच नका. होळीत जुने पाट, रंग दिलेल्या खिडक्या, प्लायवूड, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं जातं. खिळे चुंबकाने निघतील, रंगातले धातू निघणार नाहीत.

## टप्पा १: सामान

तेलाचे १५ किलोचे तीन चौकोनी पिपे लागतात, एका वेळी त्यातले दोनच एकावर एक बसतात. एक वरचा, ज्यात चाळणी फिरते, एक राखेसाठी, एक कोळशासाठी. असा पिपा साधारण २३.५ सेंमी लांब-रुंद आणि ३५ सेंमी उंच असतो. आपला पिपा मोजून घ्या, कारण खालची सगळी मापं या आकाराला धरून आहेत.

बाकी सामान असं:

- ५ किंवा ६ मिमी भोकांची वेल्ड केलेली जस्ती जाळी, ६० सेंमी × १९ सेंमी, आणि झडपेसाठी १२ × १६ सेंमीचा वेगळा तुकडा
- स्टीलची मच्छरजाळी, ६२ × १९ सेंमी (दुसऱ्या, बारीक चाळणीसाठी)
- २४ गेज जस्ती पत्रा: २१ सेंमी व्यासाच्या दोन चकत्या, ९७ × ८ सेंमीची एक पट्टी, आणि ३० × ३० सेंमीचा एक तुकडा
- १० मिमी जाडीची लोखंडी सळई, ६० सेंमी
- सागवानाचे ६ × ६ × २ सेंमीचे दोन ठोकळे
- अर्धा इंची लोखंडी पाइपाचे २ सेंमीचे दोन तुकडे
- २५ मिमी अँगलचा छोटा तुकडा, ४ मिमीचा नटबोल्ट, ३.२ मिमीचे पॉप रिव्हेट, बांधायची तार
- सुती सतरंजीची जुनी पट्टी, आणि जाड सुती फुलपँटचा एक पाय

जाळी आणि सळई नागपुरात इतवारीत लोहा ओळीकडे एकाच फेरीत मिळतात. पत्र्याच्या चकत्या, झाकण आणि नरसाळं घरी कापत बसण्यापेक्षा टिनाचं काम करणाऱ्याकडून करून घ्यावं. त्याच्या हातात कड सफाईने दुमडली जाते आणि तुमचे हात कापत नाहीत.

जाळी घेताना: आपल्या शेगडीच्या जाळीचं भोक मोजा. कोळशाचा तुकडा त्या भोकातून खाली पडणारा असेल तर तो राखेतून वाचवून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा राखेतच जाईल. घरगुती शेगडीला ६ मिमी जाळी ठीक बसते. ३ मिमीची जाळी घेतली की खडे आणि चुरा कोळशासोबत अडकून राहतो. १२ मिमीची घेतली तर चांगला कोळसा राखेत उतरतो.

पिपा घेताना: खायच्या तेलाचाच घ्या. रंग, थिनर किंवा कीटकनाशकाचा डबा कापायचाही नाही आणि वापरायचाही नाही. आतला तेलकटपणा गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने पूर्ण काढा व पिपा उन्हात वाळवा. तेलाचा हात राहिला तर राख भिंतींना चिकटून बसते आणि झाकण उघडल्यावर नेमकी तीच झडते.

## टप्पा २: फिरती चाळणी

१. २१ सेंमीच्या चकत्यांची कड चारी बाजूंनी दीड सेंमी वळवा. वळण्याआधी कडेवर दोन-दोन सेंमीवर कात्रीने चिरा द्याव्या लागतात. तयार चकती १८ सेंमीची होते. मधोमध साडेदहा मिमीचं भोक पाडा.

२. जाळीच्या पट्टीत १० × १४ सेंमीची खिडकी कापा. ही झडपेची जागा. ती जाळीच्या मध्यावर हवी, जोडाजवळ नको.

३. जाळी दोन्ही चकत्यांच्या वळवलेल्या कडांवर गुंडाळा. टोकं अडीच-तीन सेंमी एकमेकांवर चढवून तारेने शिवा. तारेचे टाके दोन सेंमीपेक्षा लांब नकोत. सैल शिवलेली जाळी फिरताना कडेला सुटते आणि कोळसा तिथूनच निसटतो.

४. झडपेचा तुकडा खिडकीवर बाहेरून ठेवून चारही बाजूंनी एक सेंमी चढेल असा बसवा. बिजागिरी लावू नका. बिजागिरीवर उघडलेली झडप वर उभी राहते आणि नरसाळ्याला अडते. दोन्ही बाजूंना तारेचे दोन-दोन आकडे करा, म्हणजे झडप पूर्ण काढता येईल.

५. अँगलचा तुकडा एका चकतीला आतल्या बाजूने रिव्हेट करा. त्याच्या उभ्या पात्याला ४ मिमीचं भोक असावं. सळई आत गेल्यावर याच भोकातून सळईत आरपार भोक पाडून नटबोल्ट लावायचा आहे. तो नसेल तर दांडा फिरतो आणि चाळणी जागच्या जागी राहते.

तपासणी: पोकळ चाळणीत मूठभर हरभरे टाका, झडप लावा, हातात धरून दहा वेळा गोल फिरवा. एकही दाणा बाहेर आला तर ती फट आत्ताच बांधा. पिप्यात बसवल्यावर तिथे हात पोचत नाही.

## टप्पा ३: वरचा पिपा

वरच्या पिप्याचं तोंड आणि तळ दोन्ही कापायचे, पण कडेची शिवण शाबूत ठेवून. शिवण गेली की पिपा मऊ पडतो, चौकोन सुटतो आणि खालच्या पिप्यावर नीट बसत नाही. आतल्या बाजूला पत्र्याची कड शिल्लक ठेवू नका, तिच्यावर राख साठते. कापलेली कड पक्कडीने दाबून घ्या. हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नका.

समोरासमोरच्या दोन भिंतींवर वरच्या कडेपासून १८ सेंमी खाली भोक पाडा. पिप्याचा पत्रा इतका पातळ असतो की सळई थेट त्यावर टेकवली तर काही दिवसांत भोक लांबट होतं. त्यासाठी सागवानाचे ठोकळे. ते बाहेरून लावून आतून स्क्रूने आवळा. ठोकळ्याचं भोक ११ मिमी.

आता चाळणी आत धरा, सळई एका ठोकळ्यातून सरकवा, पाइपाचा एक तुकडा ओवा, चाळणीतून न्या, दुसरा तुकडा ओवा आणि पलीकडच्या ठोकळ्यातून बाहेर काढा. पाइपाचे हे तुकडे चाळणीला मधोमध धरतात. ते विसरलात तर चाळणी एका बाजूला सरकून पत्रा घासत बसते. पलीकडच्या टोकाला पिन घाला. अलीकडच्या टोकाचा दांडा सळई आत घालण्यापूर्वीच वाकवून घ्यायचा: १२ सेंमीचा हात आणि ९ सेंमीची मूठ. जास्तीची सळई कापून टाका.

ठोकळ्याच्या भोकात मेणबत्तीचं मेण घासा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको. तेलात राख मिसळली की तिचा घासणारा लेप होतो आणि महिन्याभरात भोक मोठं होऊन धूळ तिथूनच बाहेर यायला लागते.

९७ सेंमीची पट्टी पिप्याच्या खालच्या कडेभोवती बाहेरून रिव्हेट करा. अर्धी, म्हणजे ४ सेंमी, पिप्यावर आणि अर्धी खाली लोंबती. लोंबत्या भागाच्या आत सतरंजीची पट्टी चिकटवा. खालचा पिपा या झालरीत शिरतो आणि सतरंजी फट भरते. इथे नायलॉन किंवा फोम लावू नका. चुकून एखादा निखारा आला तर सुती कापड धुमसतं, त्याचा वास येतो आणि लक्षात येतं. फोम वितळतो.

## टप्पा ४: झाकण आणि बाही

३० × ३० सेंमीच्या पत्र्याच्या चारही कडा तीन सेंमी खाली वळवून झाकण करा, आतून सतरंजीची पट्टी. मध्यभागी १२ सेंमीचं भोक, आणि त्याला सात सेंमी खोल नरसाळं, ज्याचं खालचं तोंड ८ सेंमी. झाकण लावल्यावर हे तोंड चाळणीच्या खिडकीपासून दोन सेंमी वर येतं. राख जितकी कमी उंचीवरून पडेल तितकी कमी उडेल, एवढाच या नरसाळ्याचा हेतू.

वरच्या भोकाभोवती दोन सेंमी उंच कॉलर हवी. तिच्यावर फुलपँटचा पाय चढवून दोरीने घट्ट बांधा. बाहीची लांबी ४० सेंमी पुरते. आतली हवा बाहेर पडण्याची जागाही हीच. कापड जाड सुती हवं, सिंथेटिक नको. मांजरपाट असेल तर दुहेरी शिवा.

## टप्पा ५: राख थंड करणं

इथेच सर्वांत जास्त घाई होते. राख हा उष्णता धरून ठेवणारा थर आहे. वरून गार लागलेल्या ढिगाच्या पोटात निखारा तीन-चार दिवस जिवंत राहू शकतो. चाळणीत फिरवताना त्याला हवा मिळते आणि तो पुन्हा फुलतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना अंगणातला पाचोळा पेटायला तेवढं पुरतं.

१. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरा. प्लास्टिकची बादली किंवा पुठ्ठ्याचं खोकं नको. बादली फरशीवर, लाकडी दारापासून आणि सरपणापासून दूर.

२. झाकणावर खडूने तारीख लिहा. दोन बादल्या ठेवल्या तर एक भरते तोवर दुसरी गार होते.

३. चार दिवस हात लावू नका. नंतर लोखंडी सळई बादलीच्या मध्यावर तळापर्यंत खुपसून दोन मिनिटं ठेवा. काढून हाताच्या पाठीवर टेकवा. कोमट लागली तरी आणखी दोन दिवस थांबा. बाहेरून बादलीला हात लावून बघणं ही तपासणी नव्हे.

गार होत असलेली बादली झोपायच्या खोलीत ठेवू नका. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. थंडीत, पारा दहाच्या खाली गेला की, उबेसाठी ती आत ओढण्याचा मोह होतो. बादली ओसरीवरच ठेवा.

ओलावा: मुठीत राख दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर राख ओली आहे, उन्हात पसरून वाळवा. धूळ बसावी म्हणून राखेवर पाणी शिंपडण्याची युक्ती बरेच जण सांगतात. त्याने जाळीची भोकं लिंपली जातात आणि ओली राख त्वचेला चावते, कारण तिचं पाणी तीव्र अल्कली असतं.

## टप्पा ६: चाळण्याचा क्रम

जागा आणि वेळ आधी. सकाळी, वारा पडलेला असताना, उघड्यावर. खालच्या पिप्याभोवती चार विटांची चौकट लावा, कारण दोन पिपे एकावर एक सत्तर सेंमी उंच होतात आणि दांडा फिरवताना डुलतात. आणि घरातला कूलर बंद करा. एप्रिल-मेमध्ये कूलर बाहेरची हवा ओढतच असतो. त्याच्या बाजूला राख चाळली की तिचा वाटा ओल्या वाळ्यावर बसतो आणि उरलेला थेट दिवाणखान्यात येतो.

नाकाला एन-९५ मास्क, डोळ्यांना चष्मा. तोंडाला बांधलेला दुपट्टा बारीक राख अडवत नाही.

१. राखेचा पिपा खाली, वरचा पिपा त्यावर, झालर चारही बाजूंनी बसलेली. चाळणीची खिडकी वर आणून झडप काढून ठेवा. दांडा सुतळीने बांधून स्थिर करा.

२. झाकण लावा. राख दीड लिटर, त्याहून जास्त नाही, एका छोट्या डब्यात घ्या. चाळणीत साधारण पावणेपाच लिटर मावतं, आणि ती एक तृतीयांश भरली तरच राख आत उलथापालथ होते. अर्ध्याच्या वर भरली की सगळा ढीग एकत्र घसरतो आणि मधली राख जाळीपर्यंत पोचतच नाही.

३. डबा बाहीत घाला, बाहीचं वरचं तोंड मनगटाभोवती धरा आणि डबा हळूहळू कलता करा. एकदम उपडा केला तर नरसाळं तुंबतं आणि हवेचा भपका उलटा बाहीत येतो. बाही फुगलेली दिसेल, ते बरोबर आहे. डबा आतच ठेवून बाही पिळा आणि बांधा.

४. पाच मिनिटं थांबा. मग झाकण काढा, ओढून नव्हे तर एक कड उचलून, हळू. झडप लावा, चारही आकडे अडकवा, झाकण परत लावा. बाही तशीच बांधलेली.

५. दांडा सोडून फिरवा. एका फेऱ्याला दोन सेकंद, हा वेग. मिनिटभराने दिशा बदला. तीन मिनिटं पुरतात. जोरात फिरवून काम लवकर होत नाही: वेग वाढला की राख जाळीला चिकटून सोबत फिरते आणि कोळसा आपटून त्याचा चुरा होतो. आवाज ऐकून कळतं. सुरुवातीला मऊ खसखस येते. ती संपून कोळशाचा कोरडा खडखडाट सुरू झाला की थांबा.

६. पिप्याच्या चारही भिंतींवर तळहाताने थापट्या मारा. भिंतींवर बसलेली राख आता खाली पडली पाहिजे, पिपा उचलल्यावर नाही.

७. पंधरा मिनिटं काहीही उघडू नका. जाडसर राख मिनिटभरात खाली बसते, पण नाकात जाते ती बारीक राख बराच वेळ तरंगत असते. सगळं व्यवस्थित करून शेवटी तक्रार येते ती इथे घाई केल्यामुळे.

८. वरचा पिपा सरळ वर उचला आणि शेजारी ठेवलेल्या कोळशाच्या पिप्यावर बसवा. राखेच्या पिप्यावर लगेच झाकण. दोघं असतील तर एकाने उचलायचं, दुसऱ्याने झाकायचं.

९. आता खिडकी वर आणा, झाकण काढा, झडप काढा, झाकण पुन्हा लावा आणि दांडा अर्धा फेरा फिरवा. कोळसा आपोआप खालच्या पिप्यात पडतो. चाळणी बाहेर काढावी लागत नाही, हात काळे होत नाहीत.

आठ आणि नऊची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. झडप आधी उघडून अर्धा फेरा दिला की वेगळा केलेला सगळा कोळसा चाळलेल्या राखेत पडतो आणि सुरुवात पहिल्यापासून.

राख एकापेक्षा जास्त खेपांची असेल तर प्रत्येक खेपेला पिपे बदलत बसू नका. एक ते सात करा, आणि आठव्या पायरीऐवजी फक्त झडप काढून नवी दीड लिटर राख ओता. चाळणीतला कोळसा तसाच राहू द्या. असं दोन-तीन खेपा चालतं. कोळसा मिळून एक तृतीयांशावर गेला की मग रिकामी करा.

## टप्पा ७: भांड्यांसाठी बारीक राख

चाळणीवर मच्छरजाळी बाहेरून गुंडाळा, दोन्ही टोकांना तार आवळा, खिडकीच्या जागी जाळीला तिन्ही बाजूंनी चीर देऊन झडपेखाली दुमडता येईल अशी पट्टी ठेवा. पहिल्यांदा चाळलेली राख याच क्रमाने पुन्हा ओता. या वेळी सहा-सात मिनिटं फिरवावं लागतं. नायलॉनची मच्छरजाळी स्वस्त पडते, पण एक निखारा आणि भोक.

ओतण्यापूर्वी राखेतून चुंबक फिरवा. खोक्यांच्या फळ्या जाळल्या असतील तर बारीक खिळे आणि पिना असतातच.

ही राख काळ्या झालेल्या बुडाला, लोखंडी तव्याला, पितळेला चालते. अॅल्युमिनियमला नाही: राखेतला अल्कली अॅल्युमिनियमला खातो आणि भांडं काळपट पडतं. नॉनस्टिकचं तर नावच नको.

## बागेत टाकण्याआधी

नागपूर परिसरातली काळी माती मुळातच अल्कलीकडे झुकलेली आणि चुनखडीयुक्त आहे. लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅश भरपूर, आणि तिचा सामू (पीएच) १० ते १२. म्हणजे जी गोष्ट मातीत आधीच जास्त आहे तीच आपण वाढवतो. संत्र्याच्या झाडाला तर राख घालूच नका. चुनखडीच्या मातीत संत्र्याला लोह मिळत नाही आणि पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. राखेने ते वाढतं, आणि माळी मग पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी देतो.

लाल मुरमाड माती असेल, किंवा सामू तपासून तो ६.५ च्या खाली आला असेल, तरच दर चौरस मीटरला वर्षाला १०० ग्रॅमच्या आत. युरिया किंवा ताज्या शेणखतासोबत एकाच दिवशी नाही, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

## साफसफाई, आणि बिघाड ओळखणं

चाळणी पाण्याने धुऊ नका. ओली राख जस्ताचा थर खाते आणि पिपा गंजतो. कोरड्या रंगाच्या ब्रशने आतूनच झाडा, झाकण लावून पंधरा मिनिटं थांबा, मग खालचं रिकामं करा. फरशीवर सांडलेली राख कोरड्या झाडूने लोटायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको: बारीक राख त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन खोलीभर होते, आणि निखारा असेल तर पिशवी पेटते.

बाही महिन्यातून एकदा धुवा. राख कापडात बसली की हवा निघेनाशी होते. मग बाही फुगून कडक होते आणि धूळ झालरीतून यायला लागते. झालर गळते म्हणून लोक सतरंजी बदलतात, बदलायला हवी असते बाही.

ठोकळ्याजवळ राखेचा करडा गोल दिसला तर भोक झिजलं आहे. ठोकळा अर्धा फेरा फिरवून लावा, वजन न पडलेली बाजू खाली येते. दोन्ही बाजू झिजल्यावर नवा.

दांडा फिरतो पण खसखस येत नाही, तर नटबोल्ट तुटला किंवा सैल झाला. मध्येच अडकतो, तर झडपेचा आकडा सुटून पत्र्याला लागतो आहे. जोर लावू नका, उलटा फिरवा, थांबा, मग उघडा. आणि राख खाली पडतच नसेल, जाळीवर पापुद्रा धरला असेल, तर ती ओली होती. चाळणी उन्हात ठेवा, वाळल्यावर ब्रश मारा.

डोळ्यात राख गेली तर चोळायचं नाही. नळाच्या साध्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा उघडा ठेवून धुवायचा आणि जळजळ राहिली तर डॉक्टरकडे जायचं.

वर्षाची साठवण करायची असेल तर जूनच्या पहिल्या पावसाआधी चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा. राखेतला पोटॅशियम कार्बोनेट हवेतली ओल ओढतो, त्यामुळे उघडी राख जुलैत गोळा होते आणि दिवाळीपर्यंत चाळता येत नाही.